आत्यांचा हलता दात

आमच्या घरात हलणारी वस्तू फार काळ हलत राहत नाही. दाराची कडी, कुकरचा दांडा, पंख्याचं पातं, शेजारच्या सहादेवभाऊंच्या मोटारसायकलचा आरसा, काहीही जरा कुरकुरलं की आमचे हे पाना घेऊन हजर. मिरजगावात हनुमंत फिटर म्हटलं की कोणीही दुकान दाखवील. नगरच्या एमआयडीसीत अर्धं आयुष्य काढून आता हे हायवेला स्वतःच्या दुकानात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात. हात चांगला आहे, हे मी भांडणातसुद्धा कबूल करते. पण चांगल्या हाताच्या माणसाला एक खोड असते. दुसऱ्याने केलेलं काम त्याला कधी पुरतं पटत नाही.

माझ्या सासूबाईंना, गोजरबाईंना, मी आत्या म्हणते. आमच्याकडे तशीच रीत आहे. आत्यांच्या खालच्या उजव्या दोन दाढा काढाव्या लागल्या आणि त्यांचं भाकरी खाणं बंद झालं. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून खायची म्हणजे आत्यांच्या लेखी जगणं संपल्यात जमा. कवळी त्यांना नको होती. मग नगरला पंकजा मॅडम म्हणून दाताच्या डॉक्टर आहेत, त्यांनी दोन इम्प्लांट बसवले. जबड्याच्या हाडात आट्यांचा बारीक खिळा रोवतात, काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरतं, आणि मग त्या खिळ्यावर दात ठेवून वरून इवल्याशा स्क्रूने कसतात. मॅडमनी हे प्लास्टिकच्या जबड्यावर करून दाखवलं तेव्हा ह्यांचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, हे आता तिथेच नोकरी मागतात. आटे किती, स्क्रू कितीवर कसता, किल्ली कुठली वापरता? मॅडमनी हसत हसत सगळं सांगितलं. ह्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या भाषेत बोलणारा डॉक्टर भेटला होता.

निघताना मॅडमनी बजावलं, “दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. दुखत नसलं तरी यायचं. या दाताची हिरडी सुजली, आत हाड झिजायला लागलं, तरी पेशंटला पत्ता लागत नाही. आम्हाला लागतो. आणि आजी, मिश्री बंद.”

शेवटचं वाक्य आत्यांना ऐकू आलं नाही. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांना चोळल्याशिवाय त्यांची सकाळ होत नाही, आणि नको असलेलं त्यांना नेहमीच कमी ऐकू येतं.

पहिल्या खेपेला आम्ही गेलो. दुसऱ्या खेपेला ज्वारीची काढणी निघाली, तिसऱ्या खेपेला नात्यातलं लग्न. दवाखान्यात काम करणाऱ्या मुलीचा फोन यायचा आणि हे म्हणायचे, “एकदम ओके हाय मॅडम. भाकरी खाती, हरभरं खाती. कायबी तरास न्हाई.” आणि फोन ठेवून त्याच तोंडाने समोरच्या गिऱ्हाइकाला झापायचे, “मोटार जळल्याव आनता व्हय? मदी येऊन दाखवाय काय हुतं तुमाला?” मी एकदा हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. “मोटार येगळी, दात येगळा,” म्हणाले. ते वाक्य त्यांनी पुढे पाळलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. न्याहारीला आत्यांनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, चावला आणि तोंड वाकडं करून थांबल्या. बोट घालून चाचपलं.

“हालतोय गं,” म्हणाल्या.

“कंचा?” हे उठलेच.

“मागचा. हिकडून तिकडं जातोय.”

मी म्हटलं, मॅडमना फोन लावते. ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आत्यांना उन्हात आणून बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि दात अंगठ्याने हलवून पाहिला. “स्क्रू ढिला झालाय,” म्हणाले. “दुसरं काय न्हाई. तेवढ्यासाठी नगरला जायचं, दिवसभर बाकड्याव बसायचं, आन त्या काय करनार? किल्ली घालनार आन फिरवनार.”

“त्या डॉक्टर आहेत.”

“डॉक्टर हायत्या, पन स्क्रू तर स्क्रूच हाय न्हवं?”

मी फोन हातात घेतला तोवर हे उंबरा ओलांडून गेले होते.

हे दुकानात जाऊन ॲलन कीच्या संचातली सगळ्यात बारीक किल्ली घेऊन आले. सहा कोपऱ्यांची, वाकड्या मानेची पोलादी किल्ली. ती तोंडात मावेना म्हणून ग्राइंडरवर कापून करंगळीच्या पेराएवढी केली, टोक घासलं, उजेडात धरून बघितलं, पुन्हा घासलं. मग उकळत्या पाण्यात घातली, वर जंतुनाशक ओतलं, हात साबणाने कोपरापर्यंत धुतले. सांगायचा मुद्दा, हे निष्काळजी माणूस नाहीत. निष्काळजी असते तर मी आडवी पडले असते. ती सगळी तयारी बघून माझासुद्धा विरोध निम्मा गळाला.

अंगणात बाजेवर आत्यांना उताणं झोपवलं. तोंड नीट दिसावं म्हणून उशी काढून मान मागे टाकली. मी मोबाईलची बत्ती धरली. आत्या शहाण्या पोरीसारख्या आ करून पडल्या होत्या. लेकावर त्यांचा एवढा विश्वास, की त्याने विहिरीत उतर म्हटलं असतं तर चपला काढून उतरल्या असत्या.

दातावर स्क्रूचं भोक बुजवायला भरलेलं पांढरं सिमेंट ह्यांनी सुईने टोकरून काढलं. आत स्क्रूचं डोकं चमकलं. “दिसला बघ,” म्हणाले. किल्ली बसली, अगदी बरोबर बसली. हे हळूहळू फिरवू लागले. “फिरतोय,” म्हणाले. मग कपाळाला आठी पडली. “फिरतोय, पन कसत न्हाई.” आत्यांनी घशातून हुंकार दिला. त्यांना दुखत होतं. “जरा दम धर आई, झालंच.” तोंडात थुंकी साठली होती आणि तिच्यात रक्ताचा धागा होता. किल्ली काढून हे पुन्हा बसवायला गेले आणि ती बोटांतून सुटली.

आवाज झाला नाही. बत्तीच्या उजेडात मी ती जिभेवर पडलेली पाहिली, मागे घसरताना पाहिली, आणि मग ती नव्हती.

आत्या ताडकन उठून बसल्या. खोकल्याची अशी उबळ आली की त्यांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा झाला. डोळे बाहेर आले. दोन्ही हातांनी त्यांनी माझा दंड धरला आणि नखं रुतवली. हे पाठीवर थापा मारत होते आणि “आई, आई, आई” एवढंच म्हणत होते. मला वाटलं, संपलं. माझ्या डोळ्यांदेखत जाते ही बाई. आणि उबळ थांबली. आत्यांनी नाक पुसलं, पदर सावरला, दोनदा गिळून बघितलं.

“गेली पोटात,” म्हणाल्या.

आम्ही तिघंही हसलो. मोठ्या भीतीतून सुटलेलं माणूस असं खुळ्यासारखं हसतं. आत्यांना तर चेवच चढला. ह्यांनी लहानपणी नाणं गिळलं होतं, तेव्हा आत्यांनी केळी चारली आणि दुसऱ्या दिवशी नाणं पडलं, ही गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. ती पुन्हा ऐकली. “केळी आन,” म्हणाल्या. “वर थोडा शिरा कर. गुंडाळून भाईर पडंल.” तीन-चार केळी खाल्ली त्यांनी, आणि वाटीभर शिरा.

मी भांडी घासायला बसले आणि माझे हात चालेनात. पोटात गेली हे कोणी पाहिलं? आत्या म्हणाल्या म्हणून गेली. अंगणात त्या मध्येच खाकरत होत्या, आणि खाकरणं थांबलं की काहीतरी बारीक वाजत होतं. मी राखेच्या हातानेच उठले आणि त्यांच्या तोंडाजवळ कान नेला.

“काय गं?”

“श्वास घ्या.”

त्यांनी घेतला. श्वासाबरोबर छातीतून शीळ आली. बारीक, पण आली.

हे कोपऱ्यात कसल्याशा खटपटीला लागले होते. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून त्यांनी त्याला दोरा बांधला होता. “पड जरा आई,” म्हणाले, आणि गवंडी ओळंबा धरतो तसं ते चुंबक आत्यांच्या पोटावर धरलं. बेंबीभोवती फिरवलं, बरगड्यांखाली फिरवलं. काही नाही. मग वर सरकले. उजव्या छातीवर आले आणि चुंबक हललं.

चुंबक हललं की ह्यांचा हात हलला, ते मला आजही सांगता येणार नाही. पण ह्यांचा चेहरा मी पाहिला. ह्यांना विजेचा झटका बसलेला मी पाहिला आहे, बोट यंत्रात चेपलेलं पाहिलं आहे. घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चुंबक मुठीत दाबलं आणि मला घरात यायची खूण केली.

“छातीत हाय,” कुजबुजले. “ज्योती, छातीत हाय ती.”

“मॅडमना फोन लावते.”

“नको.” त्यांनी माझा हात धरला. “काय सांगनार? आईच्या तोंडात ॲलन की घातली म्हनून सांगनार? जरा थांबू. खोकल्यासंगं यील भाईर.”

“आणि नाही आली तर?”

त्यांनी माझा हात सोडला नाही. त्यांना लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती, आणि त्या घडीला लाज थोडी जास्त होती. मला नुसती भीती होती. मी हात झटकला आणि फोन लावला.

पंकजा मॅडमनी स्वतः उचलला. मी जे झालं ते एका दमात सांगितलं. त्यांनी विचारलं, “खोकल्याची जोरात उबळ आली आणि आपोआप थांबली?”

“हो.”

“आता शीळ येते?”

“हो.”

“आजींना झोपवू नका, बसवूनच ठेवा. पाठीवर मारू नका, घशात बोटं घालू नका. लगेच नगरला निघा. छातीच्या डॉक्टरांशी मी बोलून ठेवते. आणि त्यांना काही खायला-प्यायला देऊ नका.”

“केळी दिली. आणि शिरा.”

मग मॅडम म्हणाल्या, “बरं. निघा तुम्ही.” त्यांनी मला रागवायला हवं होतं. त्या रागावल्या नाहीत.

सहादेवभाऊंनी त्यांची चारचाकी काढली. कशाला, काय, विचारलं नाही. आत्यांचा चेहरा बघूनच ते चावी आणायला पळाले. हे पुढे बसले, मी आणि आत्या मागे. मिरजगावहून नगरला मी माहेरी जाते, बाजाराला जाते, पण त्या रस्त्यावर इतके गतिरोधक आहेत हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक गतिरोधकाला हे मागे वळून बघत. प्रत्येक गतिरोधकाला मला वाटे, आता ती खाली घसरली, आता आणखी खाली. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, थंडीतलं ऊन होतं, लोक रस्त्याकडेला शेकोटीवर हुरडा भाजत होते. माझं अंग घामाने भिजलं होतं.

आत्या एसटीत बसल्या की पुढचं गाव येईपर्यंत सगळ्या एसटीची नातीगोती काढतात. त्या गप्प होत्या. ताठ बसल्या होत्या, छाती हलतसुद्धा नव्हती. मी घाबरून त्यांच्या नाकाजवळ हात नेला.

“घेतीया,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “थोडा थोडा घेतीया. मोटा घेतला तर आत जाईल.”

मी त्यांचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला. तो गार पडला होता.

रुईछत्तीशी गाव मागे पडल्यावर त्या माझ्या कानाशी आल्या. “माजं काय बरंवाईट झालं तर घास अडकला म्हनून सांग.”

“आत्या, गप्प बसा तुम्ही.”

“ऐक. किल्लीचं नाव काडू नको कुनाजवळ. लोकं म्हनतील, लेकानं आई मारली. त्येला गावात ऱ्हायाला जागा उरायची न्हाई.” एवढं बोलून त्यांना खोकला आला. पुढच्या सीटवर ह्यांची मान ताठ झाली. त्यांनी ऐकलं होतं. ते वळले नाहीत.

नगरच्या दवाखान्यात मॅडम आमच्या आधी येऊन उभ्या होत्या. लगेच एक्स-रे झाला. छातीच्या डॉक्टरांनी तो कॉम्प्युटरवर उघडला. काळ्या फुप्फुसात ती पांढरीशुभ्र दिसत होती. उजवीकडच्या खालच्या नळीत जाऊन उभी राहिली होती. ह्यांनी घासलेलं टोकसुद्धा दिसत होतं. हे एकदाच बघून भिंतीला टेकले.

“दुर्बीण घालून काढता येईल,” डॉक्टर म्हणाले. “पण भूल द्यायची तर पोट रिकामं पाहिजे. भुलेत उलटी झाली आणि ती फुप्फुसात गेली तर मोठा धोका. संध्याकाळपर्यंत थांबू. मध्येच श्वास बिघडला तर मात्र थांबणार नाही, तसंच करावं लागेल.”

म्हणजे किल्ली पडावी म्हणून आम्ही जी केळी चारली, त्या केळ्यांपायी आता किल्ली छातीत ठेवून बसायचं होतं.

आत्यांना खाटेवर टेकून बसवलं. नाकाला ऑक्सिजनची नळी, बोटाला चिमटा. चिमट्याची तार एका यंत्राला जोडली होती आणि त्यावर आकडा होता. मला त्यातलं काही कळत नव्हतं. आकडा उतरला की नर्स घाईने येते, एवढंच कळलं होतं. दुपारभर मी त्या आकड्याकडे बघत बसले. तो जरा उतरला की नर्स येते का म्हणून मी दाराकडे बघायचे. चढला की वाटायचं, आता उतरणार. आत्यांकडे बघायचं धाडसच होईना, कारण त्या माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्या तोंडावरून काय ते ओळखत होत्या.

हे आत येईनात. दारापर्यंत यायचे, आकडा बघायचे, परत जायचे. एकदा मी बाहेर गेले तर बाकड्यावर बसून स्वतःच्या बोटांकडे बघत होते. शेजारी मॅडम उभ्या होत्या.

“थुंकीनं निसटली,” हे म्हणाले. “नुसता दोरा बांदला असता किल्लीला, तरी...”

“आम्ही बांधतो,” मॅडम म्हणाल्या. “दर वेळी बांधतो. तरी भीती वाटते.”

“मॅडम, आई वाचंल ना?”

“बहुतेक वेळा नीट निघतं.”

ह्यांनी मान हलवली. आणखी काही विचारायचं होतं, पण विचारलं नाही. मीही नाही. उरलेल्या वेळांना काय होतं, ते ऐकायची आमच्यात ताकद नव्हती.

दिवस कलताना आत्यांना आत नेलं. बंद दारासमोर उभं राहून मनात काय काय येतं ते सांगण्यासारखं नसतं. गावातल्या बायकांना काय सांगायचं त्याचं वाक्य मी मनात जुळवायला लागले होते. घास अडकला, असंच जुळवत होते. आणि माणूस आत जिवंत असताना मी हे जुळवते आहे, याचीच मला धास्ती बसली. दार उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात प्लास्टिकची डबी होती. “निघाली,” म्हणाले. “आता न्यूमोनिया व्हायला नको. काही दिवस ठेवून घेऊ.” त्यांनी डबी ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी हात मागे घेतला. शेवटी मी ती घेतली आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या बादलीत टाकली.

न्यूमोनिया झालाच थोडा. तापात आत्या बडबडल्या, मग ताप उतरला, मग घरी आल्या. भेटायला येणाऱ्यांना त्यांनी स्वतःच सांगितलं, घास अडकला हुता. माणूस वाचलं होतं, तेव्हा तिथे सगळं मिटायला हवं होतं. पण घरी आल्यावर जे सुरू झालं, त्याची मला किल्लीहून जास्त भीती वाटायला लागली. आत्या ह्यांच्यासमोर तोंड उघडेनात.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. हे जेवायला बसले की आत्यांना भूक नसायची. हे दुकानात गेले की ताट मागायच्या. ह्यांच्याशी बोलताना पदराचं टोक ओठांवर धरायच्या. जांभई आली तर भिंतीकडे तोंड करायच्या. एकदा हे औषधाची गोळी घेऊन गेले आणि सवयीने म्हणाले, “आई, आ कर.” आत्यांनी दात इतके आवळले की गालावरची शीर उभी राहिली. गोळी त्यांनी हातात घेतली आणि हे जाईपर्यंत मुठीत ठेवली.

“रागावलीय माज्याव,” हे मला म्हणाले.

रागावल्या असत्या तर आत्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. मी त्यांना एकट्यात विचारलं.

“राग न्हाई गं,” म्हणाल्या. “त्येनं काय मुद्दाम केलं? मला समदं समजतं. पन त्यो जवळ आला की माजा जबडा मिटतो. मी न्हाई मिटवत. आपोआप मिटतो.” आणि पदराने तोंड झाकून रडल्या. “प्वाटच्या पोराला भेतीया मी. कुनाला सांगू हे?”

मी ह्यांना सांगितलं, हो, रागावल्यात. राग निवळतो, हे ह्यांना माहीत आहे.

दात तसाच हलत होता. छाती बरी झाल्यावर तो दाखवायचाच होता. दवाखान्यातून फोन आला तेव्हा तो ह्यांनीच उचलला. “येतो मॅडम,” म्हणाले. “तुमी सांगाल त्या दिवशी येतो.” गिऱ्हाईक समोर उभं होतं. त्याला त्यांनी झापलं नाही.

मॅडमच्या खुर्चीत आत्या बसल्या. मॅडम म्हणाल्या, “आजी, आ करा.” आत्यांनी ओठ मिटले. मॅडमनी खुर्ची सरळ केली, झोपवत नाही म्हणाल्या, बसल्या बसल्या बघते. हातातलं सगळं खाली ठेवून रिकामे हात दाखवले. आत्यांनी कळतंय अशी मान हलवली, पण तोंड उघडेना. कपाळावर घाम आला होता. हे पायाशी उभे होते. “उघड की आई,” म्हणत होते. “मॅडम हायत्या. मी न्हाई काय करत.” त्यांच्या प्रत्येक शब्दाला आत्या आणखी आखडत होत्या.

मी ह्यांना बाहेर थांबायला सांगणार होते. त्याच्या आत आत्यांनीच माझा हात ओढला आणि पदराआडून, लेकाकडे न बघता म्हणाल्या, “त्येला भाईर पाठीव.”

हळू म्हणाल्या, पण खोली लहान होती. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी वेगळा अर्थ सांगेन म्हणून ते बघत राहिले. मी खाली बघितलं. मग ते गेले. दार त्यांनी इतकं हळू ओढून घेतलं की कडीसुद्धा वाजली नाही.

आत्यांनी तोंड उघडलं.

मॅडमनी तपासलं, दाताचा एक्स-रे काढला, मला पडद्यावर दाखवला. पुढच्या खिळ्याभोवती हाड होतं, जरा खचलेलं. मागच्या खिळ्याभोवती नुसती काळी पोकळी होती.

“स्क्रू ढिला झालेला नाही,” मॅडम म्हणाल्या. “तो होता तसाच आहे. हाड झिजलं आणि खिळाच सुटला. मध्ये एकदा जरी आला असतात तरी सूज दिसली असती, साफ करून वाचवता आला असता.”

“मग त्या दिवशी हे काय फिरवत होते?”

मॅडमनी आत्यांकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “अख्खा खिळा. जबड्यात.”

मागचा खिळा काढावा लागला. जागा बधिर केल्यावर तो इतका सहज निघाला की मी तोंड फिरवलं. पुढचा वाचेल, मॅडम म्हणाल्या, पण आता दर तीन महिन्यांनी येऊन हिरडी साफ करून घ्यायची, आणि मिश्रीचा डबा घरातून जायला हवा. आत्यांनी कापूस चावत निमूट मान हलवली.

मी बाहेर आले. हे जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

“उघडलं का तोंड तिनं?”

“उघडलं.”

“बरं झालं.” मग म्हणाले, “स्क्रू कितपत ढिला हुता, काय म्हनल्या?”

काय सांगायचं नाही ते मी आतून ठरवून आले होते. पण घास अडकला हे एक खोटं आणि आत्या रागावल्यात हे दुसरं, एवढी दोन सांभाळूनच मी दमले होते. “स्क्रू ढिला नव्हताच,” मी म्हटलं, आणि एक्स-रेमध्ये पाहिलं ते सांगितलं. काय फिरत होतं, तेही सांगितलं. आणि आई रागावलेली नाही, भ्यालेली आहे, तेही.

त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. आमचे हे हात खिशात घालून उभे आहेत, असं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आत्या बाहेर आल्या. जिना उंच पायऱ्यांचा होता आणि कठडा तुटका. माझ्या हातात औषधं, पिशवी, एक्स-रे. हे पुढे झाले, थांबले, आणि मग खिशातून उजवा हात काढून आईपुढे केला. आत्यांनी त्या हाताकडे बघितलं. कापसावर दात आवळले, ओठ आत ओढून घेतले. मग त्यांनी तो हात घट्ट धरला आणि तोंड मिटून, नाकाने श्वास घेत, एकेक पायरी उतरू लागल्या.